पिकअपचे पाटे, स्प्रिंग आणि शॉक बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस. तिच्याखाली पाठीवर झोपून बऱ्याच रविवारांची वाट लावली आहे, म्हणून ओळखीपाळखीचे लोक मलाच फोन करतात. तेच ते प्रश्न येतात, तेव्हा एकदाच नीट लिहून काढलं. टोयोटा हायलक्सची रचनाही अशीच आहे: पुढे वरच्या-खालच्या आर्ममध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांमध्ये) शॉकसकट कॉइल स्प्रिंग आणि मागे सरळ एक्सलवर पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्यामुळे यातलं बहुतेक सगळं तिलाही लागू पडतं. मोठा माल वाहणाऱ्या पिवळ्या पाटीच्या पिकअपचा विचार इथे केलेला नाही.

१. स्प्रिंग आणि शॉक यांत नेमका फरक काय? आमचा मिस्त्री दोन्हींना 'सस्पेन्शन' म्हणतो.

स्प्रिंग आणि पाटे वजन पेलतात, शॉक हालचाल आवरतो. चारही शॉक काढून टाकले तरी गाडी जवळपास त्याच उंचीवर उभी राहील, पण एका खड्ड्यातून गेली की पुढचे चार झोके खात जाईल. म्हणून 'गाडी खाली बसली, शॉक गेले' हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. खाली बसली तर स्प्रिंग किंवा पाटे पाहा. डुलत असेल, स्पीडब्रेकरनंतर सावरत नसेल, तर शॉक पाहा.

२. बदलायची वेळ झाली हे कसं ओळखायचं?

शॉकच्या नळीवर नुसता तेलकट धुळीचा थर असेल तर घाबरू नका, सीलमधून थोडा ओलावा येतोच. तेल ओघळून खाली थेंब पडत असेल तर तो शॉक संपला. टायरवर हात फिरवून पाहा. कडेने उंचवटे-खळगे लागत असतील तर चाक रस्त्यावर टिकत नाही, आपटत चाललंय. बोनेट दाबून सोडून पाहण्याची जुनी युक्ती पिकअपवर फारशी चालत नाही. पाटे आधीच इतके कडक असतात, की मेलेला शॉकही त्या परीक्षेत पास होतो.

पाट्यांचं पाहायचं तर गाडी रिकामी, सपाट जागी उभी करा आणि बाजूने बघा. कमान सरळ झाली असेल किंवा उलटी वाकली असेल, तर पाटे बसले. एखाद्या पाट्याला आडवा बारीक तडा गेलेला असतो, तो चिखलात दिसत नाही. आधी धुऊन घ्या, मग पाहा.

३. किती इंच उचलू? दोन की तीन?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. इंच नंतर. आधी किलो सांगा.

स्प्रिंग विकत घेताना आपण उंची विकत घेत नसतो, ठरावीक वजनाला ठरावीक उंची विकत घेत असतो. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) आहे असं धरून बनवलेली स्प्रिंग मूळ बंपरच्या गाडीला लावली तर नाक आभाळात जातं आणि प्रत्येक खड्डा मणक्यात जाणवतो. तीच चूक उलटी केली तर पैसे घालून गाडी होती तिथेच.

म्हणून गाडी काट्यावर न्या. मी साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर गेलो होतो, ऐन हंगामात. पुढे उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली, मधे माझी गाडी. काटेवाल्याने विचारलं, "माल काय?" म्हटलं, "काही नाही, गाडीच." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि पावती फाडली. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. रोजच्या वापरात असते तशी गाडी हवी: टाकी भरलेली, हौद्यात कायमचं सामान, नेहमीची माणसं बसलेली. नवी गाडी आणली तेव्हाची काट्याची पावती मी जपून ठेवली होती. तिच्याशी ताडून पाहिलं तर पुढे ९५ किलो वाढले होते आणि मागे १६०. मी मनात धरून चाललो होतो की सगळा भार पुढच्या बंपरचा आहे! प्रत्यक्षात हौद्यावरचं कॅनॉपी (छत), खण, पाण्याचे कॅन, फ्रिज आणि 'असू दे, लागेल' म्हणून टाकलेल्या गोष्टी यांनी मागचे पाटे खाल्ले होते.

इंचांचं उत्तर द्यायचंच तर अशा रचनेच्या गाड्यांना ४० ते ५० मिमी, म्हणजे साधारण दोन इंच, ही शहाणपणाची मर्यादा. त्यापुढे पुढची चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे, बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळ्याचा सांधा) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) सगळेच कुरकुर करायला लागतात (प्रश्न ५ आणि १३ पाहा).

४. वजन कळलं. आता त्यावरून स्प्रिंग कशी निवडायची?

चांगल्या कंपन्या एकाच गाडीसाठी दोन-तीन दर्जांच्या स्प्रिंग देतात: मूळ वजनासाठी, पुढे ५०-६० किलो वाढले असतील तर, आणि बंपर-विंच दोन्ही असेल तर. मागच्या पाट्यांचंही तसंच: रिकामा हौदा, कायम दीड-दोनशे किलो, कायम तीनशेच्या पुढे. यात 'कायम' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा लडाखला जाताना भरता ते सामान धरू नका. मंगळवारी भाजी आणायला जाताना गाडीत जे असतं ते धरा. वर्षातले साडेतीनशे दिवस गाडी त्याच वजनावर चालणार आहे.

भारतात एक खाच आहे. डी-मॅक्स आणि हायलक्स दोन्ही गाड्या थायलंडमध्येही बनतात, ऑस्ट्रेलियात प्रचंड खपतात, आणि बहुतेक किट (स्प्रिंग, पाटे, शॉक यांचे तयार संच) ऑस्ट्रेलियातल्या मॉडेलांसाठी बनलेले असतात. तिथे डी-मॅक्सला ३ लिटरचं इंजिन मिळतं, आपल्याकडे व्ही-क्रॉस २०१६ मध्ये २.५ लिटरवर आली आणि पुढे १.९ लिटरवर गेली. इंजिनाचं वजन वेगळं म्हणजे नाकावरचा भार वेगळा. 'डी-मॅक्सचा किट आहे, बसेल' एवढ्यावर समाधान मानू नका. बसेल नक्की, उंची मात्र सांगितलेली येईलच असं नाही. विक्रेत्याला काट्याची पावती पाठवा. पावती पाहून ज्याने आणखी दोन प्रश्न विचारले, त्याच्याकडून घ्या.

५. पुढे नुसता स्पेसर टाकला तर? स्वस्तात काम होतं.

स्ट्रटच्या (पुढचा शॉक आणि त्यावरची स्प्रिंग यांच्या जोडाच्या) डोक्यावर टाकायची चकती म्हणजे स्पेसर. स्प्रिंग चाकापाशी नसून आर्मच्या मध्यावर कुठेतरी बसते, त्यामुळे २५ मिमीची चकती चाकापाशी ४०-५० मिमी उंची देते. चकतीची जाडी आणि मिळणारी उंची एकच समजून दोन इंचांचा स्पेसर टाकणारे लोक आहेत. त्यांच्या गाडीचे शाफ्ट कोणत्या कोनात फिरत असतील, विचारू नका.

स्पेसरने स्प्रिंगची ताकद वाढत नाही आणि शॉकची चालही नाही. चाक खाली लोंबकळण्याची मर्यादा मात्र खाली सरकते. मग पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत वरचा आर्म स्प्रिंगला घासणं, बॉल जॉइंट शेवटच्या कोनापर्यंत ताणला जाणं असे प्रकार सुरू होतात. मूळ वजनाच्या गाडीला फक्त नाक थोडं वर आणायचं असेल तर पातळ चकती चालून जाईल. बंपरचं वजन पेलायला स्पेसर लावू नका.

६. फक्त शॉक बदलले, स्प्रिंग जुन्याच ठेवल्या तर चालेल का? आणि उलट?

पहिलं चालेल, जर उंची ठीक असेल आणि पाट्यांची कमान शाबूत असेल. उलटं जपून करा. नवीन, जास्त ताकदीच्या स्प्रिंगला दमलेले शॉक आवरू शकत नाहीत, गाडी टुणटुण उडते. शिवाय उंची वाढली की जुना शॉक आधीच ताणलेल्या अवस्थेत उभा असतो. चाक खड्ड्यात उतरलं की तो शेवटापर्यंत ताणून खाडकन थांबतो, आणि मग त्याचं सील किंवा खालची कडी जाते.

फार लांब शॉक घेणं हीदेखील चूकच. तो दाबला जाताना रबरी बंप-स्टॉपच्या आधी स्वतःच तळाला टेकतो. मग सगळा दणका शॉकच्या दांड्यावर.

७. ट्विन ट्यूब, मोनोट्यूब, फोम सेल... आमच्यासारख्यांनी काय घ्यावं?

हे शॉकचे प्रकार. ट्विन ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि कमी दाबाचा नायट्रोजन. खडबडीत रस्त्यावर तासन् तास हादरे बसले की तेल तापतं, त्यात वायू मिसळून फेस होतो आणि शॉक 'पाणी पाणी' होतो. हिमाचलमधल्या स्पितीतल्या पन्हाळी पत्र्यासारख्या वाटेवर सकाळी घट्ट असलेली गाडी दुपारी होडीसारखी वाटते, ती यामुळे. फोम सेल प्रकारात मोकळ्या वायूऐवजी बाहेरच्या नळीत बंद बुडबुड्यांचा फोम असतो, म्हणून फेस होणं टळतं. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी, वायू तरंगत्या पिस्टनने वेगळा केलेला आणि चांगल्या दाबाखाली. तेल थेट बाहेरच्या भिंतीला लागून असल्याने उष्णता लवकर जाते. पण त्या भिंतीला दगडाचा पोचा पडला तर आतला पिस्टनच अडकतो. ट्विन ट्यूबची बाहेरची नळी थोडी चेपली तरी शॉक काम करत राहतो.

महाराष्ट्रातलं आपलं वापरणं म्हणजे घाट, डांबरावरचे खड्डे, कोकणातल्या सड्यावरचा जांभ्याचा कच्चा रस्ता, पावसाळ्यात चिखल. त्यासाठी चांगला ट्विन ट्यूब किंवा फोम सेल पुरे. दरवर्षी हिमालय करणाऱ्याने मोनोट्यूबचा विचार करावा. गोल बटण फिरवून कमी-जास्त करता येणारे शॉक छान असतात, पण बहुतेक मालक ते बटण दोनदाच फिरवतात: बसवल्या दिवशी आणि मित्राला दाखवताना.

८. कोणत्या कंपनीचं घ्यावं?

ओल्ड मॅन एमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही ऑस्ट्रेलियन नावं, प्रोफेंडर थायलंडचं, बिलस्टीन जर्मन. सगळ्यांचे चांगले आणि बेताचे माल आहेत. माझा कल असा: ज्याचा एकच शॉक, एकच बुश (सांध्यातलं रबरी कडं), एकच यू-बोल्ट (पाटे एक्सलला बांधणारा) सुटा मिळतो, ते घ्या. दोन वर्षांनी एका बुशसाठी परदेशातून पार्सलची वाट बघत बसण्यात मजा नाही.

९. आमच्याकडचा पाटेवाला म्हणतो, 'जुन्यालाच कमान चढवून देतो, एक पाटा वाढवतो'. करू का?

दोन वेगळी कामं आहेत. कमान चढवणं म्हणजे बसलेला पाटा ठोकून पुन्हा वाकवणं. कामचलाऊ म्हणून ठीक, पण थकलेलं पोलाद तेच राहतं आणि काही महिन्यांत पुन्हा बसतं. भट्टीत तापवून वाकवलं आणि नंतर पाणी-तेलाची प्रक्रिया नीट झाली नाही, तर एक तर मऊ पडतं, नाही तर तडकतं.

पाटा वाढवणं जास्त कामाचं, पण तो मूळ संचाच्या कमानीशी आणि जाडीशी जुळला पाहिजे. फार जाड, सरळसोट पाटा मध्ये घुसवला की त्याच्या टोकाशी मेन पाट्यावर सगळा ताण गोळा होतो आणि मेन पाटा तिथेच तुटतो. ट्रकचे पाटे आयुष्यभर केलेला अनुभवी कारागीर असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवा. असे लोक हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सापडतात. फक्त त्याला सांगा, "दादा, ही वाळूची गाडी नाही." नाहीतर तो सवयीने वाळूच्या हिशेबानेच पाटे भरतो.

१०. घरी करता येईल का?

मागचं काम, हो. दोघं जण, एक अख्खा दिवस, सपाट फरशी, दोन भक्कम स्टँड, एक ट्रॉली जॅक, गोट्यांचा (सॉकेटचा) मोठा सेट, लांब टॉमी आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना) एवढं हवं. आदल्या दोन रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. कोकणातली गाडी असेल तर तीन रात्री.

पुढचं काम अर्धं घरी, अर्धं गॅरेजमध्ये. स्ट्रट अख्खा काढता येतो: वरचे तीन नट, खालचा एक बोल्ट, स्टॅबिलायझरची लिंक. वरचा मधला नट मात्र गाडीवर असताना हात लावायचा नाही. त्या एका नटामागे पूर्ण दाबलेली स्प्रिंग बसलेली असते. स्ट्रटमधून स्प्रिंग सोडवायला भिंतीला बसवलेला चांगला कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजमध्येच जा. ऑनलाइन मिळणारे दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर जाड स्प्रिंगवरून घसरतात. तयार जोडलेले स्ट्रट मिळत असतील तर थोडे जास्त पैसे देऊन तेच घ्या.

हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) मोकळा झाला की तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा.

११. मागचे पाटे बदलताना क्रम काय?

सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं माप घेऊन ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने ते बदलतं.

एका वेळी एकच बाजू. दोन्ही बाजू एकदम सोडल्या तर एक्सल पुढेमागे सरकतो आणि मग तो जागेवर आणायला शेजारच्या चार माणसांना हाक मारावी लागते. पुढच्या चाकांना दगड लावा, चॅसी स्टँडवर घ्या, एक्सलखाली जॅक ठेवा. शॉकचा खालचा बोल्ट काढा, एबीएसची वायर आणि हँडब्रेकच्या केबलच्या क्लिपा सोडवा. यू-बोल्ट काढून एक्सल हळू खाली घ्या. मग पाट्याचा पुढचा आणि शॅकलचा (मागच्या टोकाच्या झुलत्या कडीचा) बोल्ट. काही गाड्यांत पुढचा बोल्ट डिझेलच्या टाकीला अडतो, तेव्हा टाकीचे पट्टे थोडे ढिले करावे लागतात. घाईत बोल्ट कापू नका, टाकीशेजारी ग्राइंडर तर चालवूच नका.

नवीन पाटे चढवताना त्यांना एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसलंय ना, हे बोटाने चाचपून पाहा. डोळ्यांनी दिसत नाही. ते अर्धवट बसलं तर गाडी तिरकी चालते. यू-बोल्टचे नट कर्णाच्या रेषेत, थोडे थोडे करून आवळा. पाट्यांचे टोकाचे दोन बोल्ट आत्ताच पूर्ण आवळू नका, का ते पुढच्या प्रश्नात.

१२. नवीन पाटे टाकले आणि सहा महिन्यांत बुश फाटले. माल खोटा होता का?

बहुधा नाही. माझ्याही गाडीत हेच झालं आणि चूक माझीच होती. पाट्याच्या डोळ्यातलं रबरी बुश फिरत नाही, पिळलं जातं. मी गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळत असताना सगळे बोल्ट टॉर्क रेंचने अगदी शास्त्रशुद्ध आवळले, टिकटिक आवाज ऐकून खूश झालो आणि गाडी खाली उतरवली. त्या क्षणी सगळी बुश एका दिशेला पिळली गेली आणि तशीच पिळलेली राहिली. आंबोलीला जाऊन येईपर्यंत कुईकुई सुरू झाली, पुढच्या पावसाळ्यात रबर चिरलं.

बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे थोडी ढकला, आणि वजन चाकांवर असताना अखेरचं आवळा. पुढच्या खालच्या आर्मच्या बोल्टांनाही हाच नियम. पॉलियुरेथेनची बुश असतील आणि ग्रीसच्या निपल असतील तर ही भानगड नाही, पण ती ग्रीस मागत राहतात.

१३. स्टेअरिंग सैल वाटतं, सरळ रस्त्यावर गाडी भटकते. अलाइनमेंट तर केली!

पावतीवर फक्त 'टो' (वरून पाहता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) जुळवलेला असेल. पुढून गाडी उचलली की कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा काटा मागे झुकलेला असतो म्हणून ती सरळ धावते, तसाच हा कोन. तो कमी झाला की वळणानंतर स्टेअरिंग आपोआप मध्यावर येत नाही. खालच्या आर्मचे कॅम बोल्ट फिरवून कॅस्टर वाढवता येतो, पण दुकानदाराला तेवढा वेळ नसतो, म्हणून आग्रह धरून करून घ्यावा लागतो. कॅम शेवटापर्यंत गेले आणि तरी आकडा आला नाही, तर वेगळे वरचे आर्म लागतात. दोन इंचांच्या आत सहसा ती वेळ येत नाही.

स्थिरता-नियंत्रण असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर स्टेअरिंगचा सेन्सर स्कॅनर लावून शून्यावर आणून घ्या. आणि हजार किलोमीटरनंतर अलाइनमेंट पुन्हा करा, तोवर स्प्रिंग थोड्या बसलेल्या असतात.

१४. जुने यू-बोल्ट चांगले दिसतात. तेच लावू?

नको. आवळताना ते ताणले जातात, पुन्हा तेवढीच पकड येत नाही. नवीनही ५०० किलोमीटरला एकदा आणि मग हजारला पुन्हा टॉर्कने तपासा. पाटे एकमेकांवर बसतात, रंग दबतो, नट ढिले पडतात. सगळ्या कामात एवढी एकच गोष्ट विसरली तर एक्सल सरकू शकतो.

१५. नवीन पाट्यांवर गाडी बैलगाडीसारखी आदळते. मऊ होतील का?

थोडे होतील. पहिल्या काही आठवड्यांत उंचीही थोडी उतरते, म्हणून पहिल्या दिवशी मागचा भाग फार वर दिसला तरी लगेच पाटा काढायला धावू नका. दरम्यान टायरची हवा तपासा. पूर्ण भाराच्या दाबावर रिकामी गाडी चालवणारे निम्म्याहून अधिक भेटतात. महिन्यानंतरही हाडं खिळखिळी होत असतील तर पाटे तुमच्या वजनासाठी नाहीत. प्रश्न ३ वर परत जा.

१६. गाडी एका बाजूला झुकते. स्प्रिंग उलटसुलट बसल्या?

शक्य आहे. काही किटमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंग वेगळ्या खुणांच्या असतात, कारण चालक, बॅटरी, टाकी यांचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. आधी टाकी आणि हौदा पाहा. पाण्याचे चाळीस लिटर एका कोपऱ्यात ठेवून लोकांनी मला फोन केले आहेत. खुणा बरोबर असतील आणि फरक १० मिमीच्या आसपास असेल तर जी बाजू झुकते तिच्या स्प्रिंगला ५ मिमीची पातळ चकती पुरते.

१७. पाटे कुईकुई करतात. गावाकडे जळकं ऑइल मारतात, मारू का?

आवाज बंद होईल, पण तेलाला धूळ चिकटून घासणारा लगदा तयार होतो आणि रबरी बुश फुगतात. आधी दाबाच्या पाण्याने पाट्यांमधली माती काढा. पाट्यांच्या टोकांशी प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते झिजले असतील तर बदला. तरीही आवाज राहिला तर तो पाट्यांचा नसून बुशचा असतो (प्रश्न १२).

१८. मागून उचलल्यावर पहिल्या गियरमध्ये निघताना गाडी थरथरते.

दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गियरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) असलेल्या गाडीत मधल्या बेअरिंगपाशी कोन बिघडला. बेअरिंगच्या कंसाखाली वॉशर टाकून ते थोडं खाली घेतात, किंवा पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून डिफरन्शियलचं (एक्सलमधल्या गियरच्या गोळ्याचं) तोंड फिरवतात. आधी वॉशर करून पाहा, स्वस्त पडतं.

१९. लांब शॅकल किंवा ब्लॉक टाकून मागची उंची वाढवली तर?

शॅकल ५० मिमी लांब केली तर उंची त्याच्या निम्मी, २५ मिमीच वाढते, आणि डिफरन्शियल फिरतो तो वेगळाच. ब्लॉकमुळे (पाटे आणि एक्सल यांच्यामधल्या ठोकळ्यामुळे) जोर लावताना एक्सल पिळवटतो. दोन्ही मी टाळतो.

२०. मागे एअरबॅग (चॅसी आणि एक्सल यांच्यामध्ये बसणारी हवेची पिशवी) बसवून घेऊ? कधीतरीच जास्त सामान असतं.

कधीतरीच्या भारासाठी कल्पना चांगली आहे, पण पाट्यांचा भार चॅसीवर दोन ठिकाणी वाटला जातो, तर एअरबॅगचा एकाच जागी, बरोबर एक्सलच्या वर. हौद्याच्या मागच्या टोकाला जड सामान, मागे ट्रेलर आणि कडक फुगवलेल्या बॅग, या तिन्हीमुळे ऑस्ट्रेलियात डबल कॅब पिकअपच्या चॅसी वाकल्याची उदाहरणं आहेत. कमी दाबावर, पाट्यांना हात देण्यापुरत्याच वापरा.

२१. ताकदीचे पाटे टाकले म्हणजे आता जास्त माल भरता येईल ना?

नाही. आरसीवरचं एकूण वजन ब्रेक, एक्सल, चॅसी, टायर सगळं धरून ठरलेलं असतं. पाट्यांमुळे गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच.

ब्रेकचाच विषय निघाला म्हणून: काही पिकअपमध्ये चॅसी आणि मागच्या एक्सलमध्ये एक दांडी असते, ती गाडी किती बसली यावरून मागच्या ब्रेकला दाब वाटून देते. गाडी उचलली की तिला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरलेल्या गाडीला मागचे ब्रेक कमी मिळतात. खाली वाकून पाहा. दांडी असेल तर तिचा कंस उचललेल्या उंचीनुसार सरकवून घ्या. ब्रेकचे रबरी पाइप पूर्ण लोंबलेल्या चाकाला ताणले जात नाहीत ना, तेही त्याच वेळी बघा. आणि हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांवर दया म्हणून.

२२. आरटीओ, विमा, वॉरंटी?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मूळ मापाचा, मूळ उंचीचा शॉक बदलणं ही दुरुस्ती. उंची, टायरचं माप, बंपर बदलत जाणं ही वेगळी गोष्ट, आणि ती करताना धोका आपल्या डोक्यावर आहे हे धरूनच करा. विमा कंपनीला लेखी कळवा. फोनवर 'चालतंय' म्हणणारा माणूस क्लेमच्या दिवशी तिथे नसतो. वॉरंटीत असाल तर ड्राइव्ह शाफ्ट, बॉल जॉइंट, पुढचा डिफरन्शियल यांवरचा दावा नाकारला जाऊ शकतो. मी वॉरंटी संपेपर्यंत थांबलो होतो.

२३. काढलेले मूळ पाटे भंगारात देऊ?

मूळ शॉक आणि स्प्रिंग ठेवा, गाडी विकताना परत लावता येतात. पाटे बसले नसतील तर तेही ठेवा. बसलेले असतील तर लोहाराकडे न्या, कोयत्याला पाट्याइतकं चांगलं पोलाद त्यालाही सहज मिळत नाही. माझ्या एका पाट्याचे दोन कोयते झाले. एक गावी नारळ सोलायला आहे, दुसरा लोहाराने मजुरीपोटी ठेवून घेतला.